व्हिपल नावाचा माणूस, त्याच्या ३७ शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची माणसं

सांजवात

महिन्यापूर्वी 'व्हिपल' हा शब्द मी ऐकलेलाही नव्हता. आता घरात तो दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. "व्हिपल कधी ठरलं?" "व्हिपलनंतर किती दिवस ठेवतात?"

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिवाळीनंतर कावीळ झाली. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला इतकी खाज की रात्र रात्र डोळा लागत नव्हता. दुखत मात्र काहीच नव्हतं. आमच्या भागात कावीळ म्हटली की आधी माळ घालतात. तीन आठवडे ती माळ आप्पांच्या गळ्यात होती, आणि शाळेत मुलांना इतिहास शिकवणारी मी एका शब्दाने काही बोलले नाही. ते मनाला लागून राहिलंय. मग सोनोग्राफी, सीटी, एंडोस्कोपी झाली. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात जिथे उघडतात, त्या तोंडाशी गाठ निघाली. सर्जन म्हणाले, काढता येण्यासारखी आहे, व्हिपल करावं लागेल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढायची मोठी शस्त्रक्रिया. सध्या ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, पित्ताच्या नळीत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) घातलाय, कावीळ उतरतेय.

संमतीपत्रावर सही करताना दादाने विचारलं, "हे कोणाचं नाव गं?" मला सांगता आलं नाही. आप्पांच्या पोटात ज्याच्या नावाचं काम होणार तो माणूस कोण, हे माहीत नसणं मला बरं वाटेना. दवाखान्यातल्या बाकावर बसून जे वाचलं ते इथे लिहितेय. या विषयातली माणसं या मंचावर आहेत, चुकलं तर सांगा.

अॅलन ओल्डफादर व्हिपल यांचा जन्म १८८१ चा, आणि तो अमेरिकेत नव्हे तर इराणमधल्या उर्मिया गावातला. आईवडील प्रेस्बिटेरियन मिशनरी. उर्मियाच्या आसपास पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती परंपरेची, नेस्टोरियन लोकांची वस्ती होती, आणि भोवती मुसलमान समाज. हा मुलगा त्या सगळ्यांत वाढला. पुढे प्रिन्स्टनला शिकला, १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाला, आणि १९२१ मध्ये, चाळिशीत, तिथेच शस्त्रक्रियेचा प्राध्यापक झाला. हे पद त्यांनी १९४६ पर्यंत सांभाळलं. पंचवीस वर्षं!

स्वादुपिंडाकडे ते कसे वळले ते मला फार आवडलं. सुरुवात कॅन्सरपासून झाली नाही. टोरांटोत १९२१ मध्ये इन्शुलिनचा शोध लागला, आणि मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही माणसांच्या शरीरात इन्शुलिन जास्तही होतं. स्वादुपिंडात एक बारीकशी गाठ असते, ती इन्शुलिन ओतत राहते, साखर एकदम खाली जाते, माणूस बडबडतो, बेशुद्ध पडतो. अशांना फेफरं आहे किंवा वेड लागलंय असं समजलं जायचं. पोट उघडून गाठ शोधायची, पण कोणाचं? चक्कर येणाऱ्या प्रत्येकाचं तर नाही. व्हिपल यांनी तीन अटी घातल्या. उपाशीपोटी लक्षणं दिसली पाहिजेत, त्याच वेळी रक्तातली साखर कमी असली पाहिजे, आणि साखर दिल्यावर लक्षणं गेली पाहिजेत. तिन्ही जुळल्या तरच सुरी हातात घ्यायची. 'व्हिपल्स ट्रायड' म्हणून विद्यार्थी आजही हे पाठ करतात. ज्या माणसाचं नाव इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेला आहे, त्याचं दुसरं नाव विनाकारण शस्त्रक्रिया होऊ नये म्हणून घातलेल्या अटींना आहे.

आता आप्पांची शस्त्रक्रिया. १९३५ मध्ये व्हिपल यांनी पार्सन्स आणि मलिन्स या सहकाऱ्यांबरोबर तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. गाठ तिन्ही रुग्णांत आप्पांसारखीच, नळीच्या तोंडाशी. पहिला रुग्ण वाचला नाही. टाके कॅटगटचे होते. कॅटगट जनावराच्या आतड्यापासून करतात, आणि स्वादुपिंडाचा रस तर मांस पचवण्यासाठीच असतो. त्याने टाकेच पचवले, जोड सुटला. पुढच्या वेळी त्यांनी रेशमाचा धागा वापरला आणि जोड टिकला. मला सांगायचंय ते हे, की पहिला रुग्ण गेला ही गोष्ट त्यांनी झाकली नाही. ती छापली, कारणासकट. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, मोठ्या विभागाचे प्रमुख होते. उरलेल्या दोन रुग्णांचीच गोष्ट सांगून भागलं असतं.

त्या काळी हे काम दोन टप्प्यांत करायचे. आधी पित्ताला दुसरी वाट काढून द्यायची, कावीळ उतरू द्यायची, काही आठवड्यांनी पुन्हा पोट उघडून गाठ काढायची. कारण कावीळ झालेल्या माणसाचं रक्त थांबत नाही. पित्त आतड्यात पोचलं नाही तर 'के' जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठत नाही. हे जीवनसत्त्व कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांनी शोधलं, आणि १९३० च्या दशकाच्या शेवटी ते रुग्णांना देता येऊ लागलं. मग १९४० च्या मार्चमध्ये व्हिपल यांच्यासमोर एक बाई आल्या. निदान जठराच्या कॅन्सरचं, आणि बघायला बाहेरून आलेले सर्जन उभे. जठर कापल्यावर कळलं की गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात आहे. मागे फिरायची सोय नव्हती. बाईंना कावीळ नव्हती, म्हणून त्यांनी सगळं एकाच बैठकीत केलं, आणि बाई वाचल्या.

आणि आता तो आकडा, ज्याच्यामुळे मी हा धागा काढायला बसले. व्हिपल यांनी आयुष्यभरात या प्रकारच्या शस्त्रक्रिया किती केल्या? ३७. फक्त सदतीस.

आप्पांचे सर्जन कदाचित वर्षभरात त्याहून जास्त करत असतील. मग या नावाचा अर्थ काय लावायचा? स्वादुपिंडाचे सर्जन, विशेषतः शिकवणारे सर्जन, आयुष्यभर नक्की काय करतात?

---

गोदाघाट

सांजवात, आप्पांना लवकर बरं वाटो. धागा वाचनीय झालाय.

दोन गोष्टी जोडतो. एक, या शस्त्रक्रियेवर व्हिपल यांच्याआधीही माणसं झगडली होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉलस्टेड यांनी १८९८ मध्ये नळीच्या तोंडाशी असलेली गाठ काढली होती. त्याच वर्षी इटलीत कोदिविला यांनी स्वादुपिंडाचं डोकं आणि आतड्याचा भाग काढला, पण त्यांचा रुग्ण वाचला नाही. आणि बर्लिनमध्ये वाल्टर काउश यांनी १९०९ मध्ये हीच शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत यशस्वी केली आणि १९१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. म्हणून जर्मनीत आजही 'काउश-व्हिपल' म्हणतात. मला तेच न्याय्य वाटतं.

दोन, व्हिपल नावाचे दोन डॉक्टर आहेत. 'व्हिपल्स डिसीज' हा आतड्यांचा आजार ज्यांच्या नावाने आहे ते जॉर्ज व्हिपल, १९३४ चे नोबेल मानकरी. नेटवर दोघांची सरमिसळ फार होते. घरातल्या कोणी 'व्हिपल' शोधून भलतंच वाचून घाबरू नये, म्हणून आधीच सांगतो.

---

सांजवात

गोदाघाट, दुसऱ्या मुद्द्याबद्दल विशेष आभार. दादाने नेमकं तेच वाचलं होतं आणि काल रात्री मला फोन करून विचारत होता की आप्पांना आतड्याचा संसर्ग पण आहे का!

---

ओपीडीनंतर

मी सर्जिकल गॅस्ट्रोचा एमसीएच, म्हणजे पोटातल्या अवयवांच्या शस्त्रक्रियांचा एमएसनंतरचा अभ्यासक्रम, करतोय, दुसरं वर्ष. रोज नाही पण आठवड्यातून एकदा तरी व्हिपलच्या टेबलाशी असतो. माझं काम अजून बहुतेक वेळा रिट्रॅक्टर (कापलेली जागा उघडी ठेवायचं अवजार) धरणं आणि बघणं एवढंच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला जमेल तसं देतो, ताई.

आधी शस्त्रक्रिया काय ते सांगतो, कारण करिअरचं सगळं कोडं तिथेच आहे. स्वादुपिंडाचं डोकं आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं असतं. दोघांचा रक्तपुरवठा एकच, म्हणून एक काढलं की दुसरंही काढावं लागतं. त्याबरोबर पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग, आणि कधी जठराचं टोक. मागे यकृताकडे जाणारी मोठी शीर असते, तिथे चूक चालत नाही. हे झालं काढणं. मग तीन जोड: स्वादुपिंड आतड्याला, पित्तनलिका आतड्याला, जठर आतड्याला. शेवटचे दोन जोड बहुधा नीट जुळतात. पहिला सगळ्यांची झोप उडवतो. आतली नळी कधी कधी दोन-तीन मिलिमीटरचीच असते, आणि स्वादुपिंड मऊ असेल तर टाका ओढताना धागा मांसातून कापत जातो. तो जोड गळला की आतला रस बाहेर येऊन आसपासचं पचवायला लागतो. नव्वद वर्षांपूर्वी कॅटगटचं जे झालं तो शत्रू आजही तोच आहे.

माझे सर पहिल्या दिवशी म्हणाले होते, "ऑपरेशन सात तासांचं नसतं रे, दहा दिवसांचं असतं." खरंय. ड्रेनमध्ये, म्हणजे पोटात साचलेलं बाहेर आणणाऱ्या नळीत, काय येतंय, रंग कसा आहे, तिसऱ्या दिवशी त्यात अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं पाचक द्रव्य) किती आहे, यावर नजर ठेवणं हेच अर्धं काम. रात्री दोनला ताप चढला तर तो कोणी पाहिला, यावर माणूस वाचतो की नाही ते ठरतं.

आता शिकवणारा सर्जन काय करतो? एक साधं उदाहरण देतो. 'जोड गळला' म्हणजे नक्की काय, हे २००५ पर्यंत जगात ठरलेलंच नव्हतं. एक रुग्णालय म्हणायचं आमच्याकडे फार कमी गळतात, दुसरं म्हणायचं पुष्कळ, आणि दोघांची मोजपट्टी वेगळी. मग वेगवेगळ्या देशांतले स्वादुपिंडाचे सर्जन एकत्र बसले आणि व्याख्या ठरवली. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधलं अमायलेज रक्तातल्या सामान्य पातळीच्या तिपटीहून जास्त, म्हणजे गळती. मग रुग्णावर त्याचा किती परिणाम झाला त्यावरून तिच्या पायऱ्या. २०१६ मध्ये त्यांनीच ती सुधारली, कारण ज्याचा रुग्णाला काहीच त्रास नाही त्याला गळती म्हणणं बरोबर नाही असं दिसून आलं. ऐकायला हे कारकुनी वाटतं. पण मोजपट्टी एक झाल्यावरच एका शहरातल्या सर्जनला दुसऱ्या शहराच्या चुकांतून शिकता आलं.

इथवर पोचायला वेळही फार लागतो. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमएस तीन, एमसीएच तीन, मध्ये प्रवेश परीक्षांच्या तयारीत गेलेली वर्षं वेगळी. मग कोणाच्या तरी हाताखाली. स्वतःच्या जबाबदारीवर पहिलं व्हिपल करेपर्यंत पस्तिशी सहज उलटते. माझ्या बरोबरीचे इंजिनिअर मित्र घराचे हप्ते फेडून मोकळे झालेत. मला पश्चात्ताप नाही, पण आईला हे समजावणं कठीण जातं.

---

सांजवात

ओपीडीनंतर, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. "दहा दिवसांचं ऑपरेशन" हे मी वहीत लिहून ठेवलं. आईला मी सांगते हवं तर, तिच्या मुलाने आज एका अनोळखी घराची केवढी भीती कमी केली ते.

एक विचारायचं राहिलं. व्हिपल १९४६ ला कोलंबियातून निवृत्त झाले. तिथून आजपर्यंत काय झालं? एकदम सुरळीत झालं का?

---

ओपीडीनंतर

नाही ताई. उलट मधली वर्षं फार वाईट होती. सत्तरच्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी या शस्त्रक्रियेनंतर चारातला एक रुग्ण रुग्णालयातच दगावायचा. १९७० मध्ये क्लीव्हलँडचे जॉर्ज क्राइल धाकटे, नावाजलेले सर्जन, त्यांनी जाहीरपणे लिहिलं की स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी व्हिपल करू नये, नुसती पित्ताला वाट करून द्यावी, रुग्ण तेवढंच जगतो आणि कमी हाल सोसतो. त्या वेळचे आकडे बघितले तर त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

ती बाजू पालटली ती मुख्यतः दोन ठिकाणी. एक जर्मनीतलं मॅनहाइम, तिथले मिखाएल ट्रेडे. आई यहुदी, म्हणून नाझी काळात लहानपणीच त्यांना देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. शिकले तिथे, आणि मोठेपणी जर्मनीत परतून प्राध्यापक झाले. १९९० मध्ये त्यांच्या चमूने लागोपाठ ११८ रुग्णांची मालिका छापली, एकही मृत्यू नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे पुन्हा जॉन्स हॉपकिन्स. तिथे जॉन कॅमेरॉन. १९३६ चा जन्म, हॉपकिन्समधूनच १९६२ मध्ये डॉक्टर, १९८४ ते २००३ तिथल्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख. १९९३ मध्ये त्यांनी लागोपाठ १४५ व्हिपल, मृत्यू शून्य, अशी मालिका छापली. २००६ मध्ये 'लागोपाठ एक हजार'. हजार शस्त्रक्रिया एकाच सर्जनच्या, १९६९ पासूनच्या. त्यांत मृत्यू साधारण एक टक्का. आणि २०१५ मध्ये 'दोन हजार'. एम.एस.ला असताना मी तो हजारांचा लेख वाचला आणि तिथेच ठरवलं की हेच करायचं. त्यात एक तक्ता आहे: सत्तरच्या दशकात एका शस्त्रक्रियेला जवळजवळ नऊ तास लागायचे, २००० नंतर साडेपाच. ऐंशीच्या दशकात रुग्ण सतरा दिवस राहायचा, पुढे नऊ. एकाच माणसाचे हात, एकच शस्त्रक्रिया, आणि तीन दशकांत ती कशी सुधारत गेली ते आकड्यांत दिसतं.

पण तोच लेख दुसरी गोष्टही लपवत नाही. स्वादुपिंडाच्या मूळ कॅन्सरमध्ये पाच वर्षांनी हयात असलेले पाचातला एकही भरत नाहीत. शस्त्रक्रिया सुरक्षित झाली, आजार अजून तितकाच कठीण आहे. तुमच्या आप्पांची गाठ नळीच्या तोंडाशी आहे आणि तिचं भवितव्य पुष्कळ बरं असतं. कावीळ लवकर दिसते म्हणून ती लवकर सापडते हेही एक कारण. आपल्याकडच्या रुग्णालयांत व्हिपल होणाऱ्यांमध्ये या गाठीचे रुग्ण भरपूर असतात.

---

दूरदेशी

मेरीलँडमध्ये गेली एकवीस वर्षं राहतो, म्हणून या राज्यातलीच एक गोष्ट सांगतो. १९९५ मध्ये हॉपकिन्सच्या लोकांनी मेरीलँडमधल्या सगळ्या रुग्णालयांच्या नोंदी काढल्या. हॉपकिन्समध्ये व्हिपलनंतरचे मृत्यू २.२ टक्के होते, आणि राज्यातल्या बाकी अडतीस रुग्णालयांत मिळून १३.५ टक्के. सहापट. त्या अडतीसांतली बहुतेक ठिकाणं काही वर्षांत जेमतेम चार-सहा शस्त्रक्रिया करत होती.

पुढे २००२ मध्ये देशभराचा अभ्यास आला, जॉन बर्कमायर यांचा. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया वर्षाला सरासरी एकाहूनही कमी करणारी रुग्णालयं आणि सोळाहून जास्त करणारी, यांच्यात मृत्यूचं प्रमाण १६.३ विरुद्ध ३.८ टक्के. बाकी मोठ्या शस्त्रक्रियांतही फरक होता, पण इतका मोठा क्वचितच.

हे वाचल्यापासून मी माझ्या ओळखीत कोणाचंही मोठं ऑपरेशन असलं की एकच सांगतो. सर्जनला विचारा, हे तुम्ही वर्षाला किती करता? आणि त्यांतले किती दगावतात? चांगला सर्जन रागावत नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि बसून उत्तर दिलं.

---

माळरान

दूरदेशी, मुद्दा पटतो, पण तो इकडे कसा लागू करायचा ते सांगा. मी जत तालुक्यातला. आमच्या चुलत्यांना हाच आजार होता. मुंबईला टाटाला न्या म्हणाले. गाडीभाडं, राहणं, बरोबर दोन माणसं, त्यांचा रोज बुडतो. नंबर लागेपर्यंत महिनाभर तिथेच पडून राहावं लागतं. शेवटी जवळच्या शहरात केलं. तिथल्या सर्जनने अशी किती केली होती हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. चुलते बाराव्या दिवशी गेले.

मी कोणाला दोष देत नाही. जोड गळला म्हणाले. आज हा धागा वाचून पहिल्यांदा कळलं, गळला म्हणजे काय ते.

---

ओपीडीनंतर

माळरान, वाचून थांबलोच थोडा वेळ. चुलत्यांबद्दल फार वाईट वाटलं.

जोड उत्तमातल्या उत्तम हातांतही गळतो, हे आधी सांगतो. ज्यांनी केलं त्यांनी वाईट केलं असा त्याचा अर्थ होत नाही, आणि तुम्ही जवळ नेलंत म्हणून झालं असं तर मुळीच मनात धरू नका. मोठ्या केंद्राचा फरक गळण्यात कमी आणि गळल्यानंतर जास्त पडतो. रात्री सीटी होतो का, रेडिओलॉजिस्ट सुईने नळी घालून साचलेलं काढू शकतो का, रक्त फुटलं तर रक्तवाहिनीतून जाऊन ते बंद करणारा माणूस आहे का. हे सगळं एका सर्जनच्या हातात नसतं.

म्हणूनच शिकवणाऱ्या सर्जनची गरज आहे असं मला वाटतं. टाटामध्ये देशभरातून मुलं शिकायला येतात आणि आपापल्या गावांकडे परततात. माझे एक सीनिअर मराठवाड्यात परत गेले. पहिली दोन वर्षं त्यांनी एकही व्हिपल घेतलं नाही. आधी आयसीयू उभा केला, रेडिओलॉजिस्ट शोधला, नर्सना ड्रेनचा तक्ता भरायला शिकवलं. आता करतात. जत ते मुंबई हे अंतर असंच कमी होईल, दुसरा रस्ता मला दिसत नाही.

---

अबोली

सगळे आकडे वाचून झाल्यावर मला एका वेगळ्याच ठिकाणी व्हिपल हे नाव सापडलं ते सांगते. माझ्या मुलीच्या जन्माच्या फाइलवर 'अपगार ९' असं लिहिलेलं आहे. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाने आणि पाच मिनिटांनी रंग, नाडी, हालचाल, श्वास बघून गुण देतात, तो हा अपगार. व्हर्जिनिया अपगार या बाई १९३३ मध्ये कोलंबियातून डॉक्टर झाल्या आणि तिथेच शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घ्यायला लागल्या. कोणाच्या हाताखाली? व्हिपल यांच्या. त्यांनीच बाईंना सांगितलं की शस्त्रक्रिया सोड, भूलशास्त्राकडे जा.

मला यावर काय वाटावं ते कळत नाही. एकीकडे, त्यामुळे जगाला अपगार मिळाल्या. दुसरीकडे, हातात कसब असलेल्या एका मुलीला सांगितलं गेलं की बाईला सर्जन म्हणून पोट भरता येणार नाही.

---

सांजवात

अबोली, हे मला माहीत नव्हतं, आणि वाचल्यावर मीही अडखळले. शोधलं तर दुसरं नावही मिळालं. व्हर्जिनिया फ्रान्झ. इन्शुलिनच्या गाठींवर १९३५ मध्ये व्हिपल यांनी जो मोठा आढावा लिहिला, त्यावर दुसरं नाव या बाईंचं आहे. गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचं काम त्यांचं. म्हणजे एका बाईला त्यांनी लेखात बरोबरीने घेतलं आणि दुसरीला थिएटरच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. मंदीचे दिवस होते, स्त्री सर्जनकडे रुग्ण जात नव्हते, हे खरं. भूल सुधारल्याशिवाय शस्त्रक्रिया पुढे जाणार नाही असंही त्यांना वाटत होतं, आणि तेही खरं ठरलं. तरी अपगारना निवड करू द्यायला हवी होती, असंच मला वाटतं. चांगल्या माणसाचा प्रत्येक निर्णय चांगला होता असं म्हणायची गरज नाही.

---

गोदाघाट

शेवटी त्यांनी काय केलं तेही लिहितो, इतिहासाच्या बाईंना आवडेल. व्हिपल १९६३ मध्ये गेले. १९६७ मध्ये त्यांचं एक पुस्तक आलं. विषय स्वादुपिंड नाही. ग्रीक वैद्यकाचं ज्ञान नेस्टोरियन आणि मुसलमान विद्वानांनी कसं जपलं आणि युरोपपर्यंत कसं पोचवलं, हा. उर्मियात ज्यांच्या शेजारी बालपण गेलं त्यांच्याच पूर्वजांवर शेवटचं काम.

---

सांजवात

गोदाघाट, अगदी खरं सांगते, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात कसं जातं, याचा विचार तो माणूस अखेरपर्यंत करत होता. माझ्या ३७ च्या प्रश्नाचं उत्तरही मला तिथेच मिळालं. सदतीस शस्त्रक्रिया, आणि त्यांतलं चुकलेलं छापून ठेवल्यामुळे पुढच्या माणसाला रेशमाचा धागा मिळाला.

दूरदेशींचा प्रश्न काल मी विचारला. हात थरथरत होते. आप्पांचे सर्जन पन्नाशीचे आहेत, मेडिकल कॉलेजात शिकवतात. मी म्हटलं, "सर, वर्षाला तुम्ही ही किती करता?" त्यांनी आकडा सांगितला. पुढचं मला विचारवेना. तेव्हा त्यांनीच ड्रॉवरमधून एक जाडजूड रजिस्टर काढलं, निळ्या पुठ्ठ्याचं, आणि म्हणाले, "यात सगळे आहेत. गेलेले पण." कोणाचं नाव दिसू नये म्हणून डाव्या बाजूवर हात ठेवून त्यांनी शेवटचा रकाना मला दाखवला. काही ओळींपुढे लाल शाई होती, आणि प्रत्येक लाल ओळीसमोर बारीक अक्षरात का ते लिहिलेलं.

घरी येऊन हे सांगितल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "त्यांच्याकडेच करू."

माळरानदादा, तुमच्या चुलत्यांची आठवण ठेवूनच त्या खोलीत गेले होते. रात्री सीटी होतो का, सुईने नळी घालणारे डॉक्टर आहेत का, हेही विचारलं. आहेत.

गुरुवारी सकाळची पहिली केस आहे. आदल्या दिवशी दाखल करायचंय. गळ्यातली माळ आप्पांनी आज स्वतःच काढून देव्हाऱ्यात ठेवली. इथे कळवत राहीन.

---

ओपीडीनंतर

ताई, तिसऱ्या दिवसाचं अमायलेज कळवा. वाट बघतोय.